स्वस्तातला अकूस्टिक बेस घेताय? नागपूरच्या बर्डीला निघण्याआधी हे वाचा

फोन उचलल्या उचलल्या भाचा म्हणाला, "मामा, अकूस्टिक बेस घेऊन राहिलो. पंधरा हजार जमवले. कोणता घेऊ?"

अकूस्टिक बेस म्हणजे खर्जात वाजणारी, चार जाड तारांची मोठी गिटार. मी विचारलं, "वाजवणार कुठं?"

तिकडं शांतता. मग, "घरीच न. आणि पोट्ट्यांसोबत फुटाळ्यावर."

फुटाळा तलावावर म्हणजे दोन गिटारी, एक कहॉन (वर बसून वाजवायचा लाकडी डबा) आणि मागं गाड्यांचे हॉर्न. तिथं हा बेस कोणालाच ऐकू जाणार नाही, वाजवणाऱ्यालासुद्धा. हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. एवढा मोठा डबा, मग आवाज कसा येणार नाही? नवशिक्याचे पैसे बुडतात ते बहुतेक याच समजुतीपायी, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

आवाज येतो कुठून

बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी. गिटारच्या जाड चार तारांचे जे सूर, तेच हे, फक्त एक सप्तक खाली. सगळ्यात जाड ई तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात, आणि या खर्जाची हवेतली लहर आठ मीटरहून लांब असते. ती जोरात ढकलायची तर डबल बेससारखं माणसाच्या उंचीचं वाद्य लागतं. अकूस्टिक बेसचं खोकं जम्बो गिटारपेक्षा जरासंच मोठं. त्यातून मूळ सूर कमी आणि त्यावरचे स्वरांश जास्त बाहेर येतात, उरलेलं आपला कान भरून काढतो. रात्री बंद खोलीत हे फार गोड लागतं. शेजारी कोणी गिटार स्ट्रम करायला बसलं की झाकलं जातं. ढोलकी आली तर विषयच संपला.

अमेरिकेच्या अर्नी बॉल यांनी मेक्सिकोच्या मारियाची या लोकसंगीताच्या ताफ्यातला गिटारॉन, म्हणजे मोठ्या खोक्याची खर्जाची गिटार, पाहून १९७२ मध्ये 'अर्थवूड' नावाचा अकूस्टिक बेस आणला. तो भलामोठा होता तो याच कारणानं. पुढच्या कंपन्यांनी खोकं आटोक्यात आणलं, सॅडलखाली (खोक्यावर तारा टेकतात ती पट्टी) पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारा तुकडा, बसवला आणि आवाजाचं काम ॲम्पवर सोपवलं. आज दुकानात मिळतो तो हा दुसरा प्रकार. दुकानदार त्याला सेमी-अकूस्टिक म्हणतात.

तेव्हा पहिली पायरी खरेदीची नाहीच. तुम्हाला ऑर्केस्ट्रात, चर्चच्या बँडमध्ये किंवा भीमगीतांच्या कार्यक्रमात वाजवायचं असेल, तर याच पैशात सेकंडहँड इलेक्ट्रिक बेस आणि हेडफोनचा छोटा ॲम्प घ्या. मन मारू नका, सरळ तोच घ्या. पण ऑफिसातून आल्यावर चहा होईपर्यंत दहा मिनिटं हातात घ्यायचा, केबल नको, स्विच नको, लाइट गेली तरी चालावं, असं वाद्य हवं असेल तर अकूस्टिक बेससारखं सुख नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत. इलेक्ट्रिक बॅगेत असतो, अकूस्टिक खुंटीला. दिवसभरात हात कुठं जातो हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. यूट्यूबवरचे डेमो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून बेस निवडू नका. खर्जातले मूळ सूर तो स्पीकर देतच नाही, त्यामुळे सगळे बेस सारखेच वाटतात. निदान कानात इअरफोन तरी घाला.

पंधरा हजार म्हणजे पंधरा हजारांचा बेस नव्हे

भाच्याला मी कागदावर फोड करून दिली. तारांच्या नव्या सेटला दीड ते दोन हजार. सेटअपला, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट बसवून घ्यायला, पाचशे ते आठशे. जाड पॅडिंगची बॅग, पट्टा आणि एक केबल मिळून दीड हजार. उरले साधारण अकरा. बेस अकराचा शोधायचा.

तो म्हणाला, "तारा तर लागूनच येतात न?" येतात. पण स्वस्त बेसवर आलेल्या तारा कधी लागल्या, किती दमट गोदामातून फिरून आल्या, कोणालाच माहीत नसतं. मेलेल्या तारांचा बेस उशीवर बुक्की मारल्यासारखा वाजतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. दीड हजाराच्या तारा आणि पाचशेचा सेटअप मिळालेला अकराचा बेस, जसाच्या तसा उचललेल्या पंधराच्या बेसपेक्षा नेहमी बरा वाजतो. याबाबतीत मी हट्टी आहे.

कॉर्ट, आयबानेझ, फेंडर यांचे अकूस्टिक बेस भारतात मिळतात, पण नवे घ्यायला गेलात तर या आकड्यात बहुधा बसत नाहीत. जुन्यात बसतात. नव्यात या पैशात मिळतात ते बहुतेक अनोळखी किंवा घरगुती ब्रँडचे, प्लायच्या खोक्याचे. प्लाय म्हणजे वाईट, असं गिटारवाले म्हणतात. नागपुरात मी उलट म्हणेन. अख्ख्या फळीचा टॉप सुरेल असतो, पण आपल्या उन्हाळ्यात तो चिरण्याची भीती जास्त. थरांची प्लाय दमटपणाचा चढउतार बराच सोसते. पहिला बेस प्लायचाच असू द्या.

टेप घेऊन जा

नट म्हणजे दांडीच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. नटपासून सॅडलपर्यंत तारेची जेवढी मोकळी लांबी, तिला स्केल म्हणतात. दुकानात विचारलं तर "स्टँडर्ड आहे" असं उत्तर मिळतं, म्हणून स्वतः मोजा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर घ्या आणि दुप्पट करा. १७ इंच भरलं तर स्केल ३४, १६ भरलं तर ३२, १५ भरलं तर ३०.

यानं काय बिघडतं? ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत १३ सेंटीमीटर होतात. ३० इंचीवर साडेअकराच्या जवळ. साध्या गिटारवर दहासुद्धा नाहीत. गिटारवरून येणारा माणूस ३४ वर चार बोटं चार फ्रेटवर ताणतो आणि आठ दिवसांत मनगट धरून बसतो. हात लहान असेल, वय बारा-चौदा असेल, तर ३० किंवा ३२ बघा. मोठ्या हाताच्यानं ३४ घ्यायला हरकत नाही, पण खालच्या फ्रेटवर पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरायची सवय लावा. तिसरं आणि करंगळी मिळून एकच बोट समजायचं.

स्केल कमी म्हणजे तारा सैल, आणि सैल तारांचा खर्ज थोडा गुबगुबीत. तो तोटा मी पत्करेन, दुखरं मनगट पत्करणार नाही.

शोधायचा कुठं

वाद्यांची दुकानं बर्डीला आहेत, सदरला आहेत. पण गिटारी भिंतभर आणि अकूस्टिक बेस एक किंवा शून्य, असा प्रकार असतो. त्यामुळे आधी फोन करा. "आहे का?" असं विचारू नका, "आत्ता समोर आहे का?" असं विचारा. नाहीतर "मागवून देतो" हे उत्तर दुकानात पोचल्यावर मिळतं. मागवलेला बेस न वाजवता घ्यायचा नाही. ॲडव्हान्स द्यायचाच असेल तर बिलाच्या मागं लिहून घ्या: पसंत नाही पडला तर पैसे परत.

शनिवारी संध्याकाळी बर्डीला जाऊ नका. पार्किंगचं सोडा, दुकानात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि या वाद्याला तर तसाही आवाज नाही. कामाच्या दिवशी सकाळी अकरा-साडेअकरा बरी वेळ. मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरा. परत येताना बेस दोन पायांत उभा धरून बसता येतं. स्कूटीवर पाठीला लावला तर त्याचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर जातं आणि दुकानाच्या अर्ध्या शटरला आधी तेच आदळतं. मी पाहिलंय.

जुना घ्यायचा असेल तर मे-जून उत्तम. व्हीएनआयटीची आणि बाकी कॉलेजांची शेवटच्या वर्षाची मुलं गाव सोडतात, त्यांना गादी, कूलर आणि गिटार एकाच आठवड्यात विकायचं असतं. दुसरी जागा म्हणजे चर्चमध्ये आणि ऑर्केस्ट्रात वाजवणारी माणसं. ही मंडळी वाद्य सांभाळून वापरतात, आणि कोणाकडे काय पडून आहे हे एकाला विचारलं तर पाच जणांचं कळतं. नव्याच्या निम्म्या किमतीच्या आसपास सौदा व्हावा. बिल मागा. नसेल तर त्या माणसाच्या हातात तोच बेस असलेला जुना फोटो तरी बघा.

समोर बेस आहे. आता वीस मिनिटं

बरोबर न्यायचं सामान: मोजायचा टेप, एक व्हिजिटिंग कार्ड, चार सपाट एटीएम कार्डं, नवी ९ व्होल्टची बॅटरी, मोबाइलमध्ये ट्यूनर. एटीएम कार्ड पैसे द्यायला नाही. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे चार कार्डांची चळत झाली ३ मिलिमीटरचं माप.

आधी बेस उभा धरा आणि खोक्याकडून डोक्याकडे, एक डोळा मिटून, नेकच्या, म्हणजे दांडीच्या, कडेवरून नजर टाका. सुतार फळी बघतो तशी. नेक अगदी किंचित पुढं झुकलेली हवी. पिळलेली दिसली, म्हणजे एक कड सरळ आणि दुसरी वाकडी, तर बेस खाली ठेवा आणि चहा प्यायला जा. पिळाला स्वस्तातला इलाज नाही.

झुकाव मोजायचा तर एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. दोन-तीन कार्डं आरामात गेली तर नेक बेंड आहे. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, असेल तर ती आवळून नेक बहुतेक वेळा सरळ होते. म्हणून रॉड आहे का ते आत्ताच बघा: डोक्यावरच्या छोट्या झाकणाखाली किंवा साउंडहोलच्या आत ॲलन चावीचं भोक असतं. चार तारा मिळून नेकवर ७५-८० किलोचा ताण असतो. ट्रस रॉड नसलेला बेस फुकट मिळाला तरी मी घेणार नाही.

मग ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली चार कार्डांची चळत सरकवा, ती नुसती टेकावी. जी तारेखाली तीन. नव्या बेसवर याहून उंच निघतं, त्यानं घाबरू नका, पण लगेच सॅडलकडे बघा. ब्रिजच्या, म्हणजे खोक्यावर चिकटवलेल्या ज्या लाकडी तुकड्यात सॅडल बसतं त्याच्या, वर ती पांढरी पट्टी किती उरलीय? ३-४ मिलिमीटर असेल तर खालून घासून ॲक्शन उतरवता येते. ॲक्शन उंच आणि सॅडल मात्र ब्रिजला टेकलेलं, असं असेल तर नेकचा कोन गेलाय. दुकानदार म्हणेल, "सेट होऊन जाते भाऊ." होत नाही.

नटकडचं फार जण विसरतात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. केसाएवढी हवी. जास्त असेल तर पहिल्या दोन फ्रेटवर बोटं कापतील. हे मात्र पंधरा मिनिटांत दुरुस्त होणारं काम आहे, भावात घासाघीस करायला उपयोगी.

आता ब्रिज, आणि इथं मला माझी गोष्ट सांगावीच लागेल.

माझा पहिला अकूस्टिक बेस मी दिसण्यावर घेतला. कडेला काळसर, मध्ये मधासारखा, प्रीॲम्पवर (पिकअपचा आवाज वाढवणारा बॅटरीवरचा भाग) हिरवा दिवा. शहरातल्याच एका दुकानातून, एप्रिलच्या शेवटी. तीनेक आठवड्यांनी दुपारी कूलर लावून झोपलो होतो, तेव्हा खोलीत 'टक्' असा आवाज झाला. पाल पडली असेल वाटलं. संध्याकाळी बेस घेतला तर ॲक्शन एकदम वर. एका दुरुस्तीवाल्या चाचांकडे नेला. त्यांनी तारा सैल केल्या नाहीत, काही बोलले नाहीत, खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवलं. अर्ध्यापर्यंत आत गेलं. मग म्हणाले, "बेटा, ये वार्निश पे चिपकाया है, लकडी पे नहीं." कारखान्यात टॉपवरचं पॉलिश न खरवडता, तसाच त्यावर गोंद लावून ब्रिज बसवला होता. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, उन्हानं झालं, त्याला आम्ही काय करणार. सहाशे रुपये आणि आठ दिवस गेले. चाचांनी लावलेला ब्रिज अजून जागच्या जागी आहे.

तेव्हा ब्रिजची मागची कड, आणि दोन्ही बाजूंची टोकं, साध्या कागदाच्या कडेनं तपासा. कागद कुठंही आत शिरता कामा नये. ब्रिजमागं टॉप जरासा फुगलेला असतो, ते तारांच्या ताणामुळे आणि चालतं. पण टेप आडवा ठेवला तर दोन्ही बाजूंना बोट शिरेल एवढी फट दिसत असेल तर नको.

त्यानंतर कंटाळवाणं पण सगळ्यात कामाचं: प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. वीस फ्रेट धरले तर ऐंशी सूर, पाच मिनिटं. एखादा फ्रेट झिणझिणत असेल, किंवा दोन शेजारचे फ्रेट एकच सूर देत असतील, तर तिथला फ्रेट उठलाय. मालक घड्याळ बघेल. बघू द्या. पैसे तुमचे आहेत. ऐकताना कान खोक्याच्या वरच्या कडेला टेकवा, दुकानाच्या गोंगाटातही झिणझिण स्वच्छ कळते. याच वेळी नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा. फ्रेटची टोकं बोचली तर लाकूड सुकून आक्रसलंय. एप्रिल-मेमध्ये घेतलेलं वाद्य याबाबतीत खरं बोलतं. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, टोकं आत दडतात.

सूर जुळतो का ते बघायला बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढा, मग तिथंच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही एकाच जागी यावेत. तारा जुन्या असतील तर थोडा फरक पडतो. खूप फरक असेल तर सोडा, कारण इलेक्ट्रिकसारखं याचं सॅडल मागंपुढं सरकवता येत नाही. ट्यूनिंगच्या चाव्या फिरवताना अडकतात का, आणि सुरात लावून दहा मिनिटांनी बेस सुरात राहतो का, हेही याच ओघात कळेल.

शेवटी करंट. दुकानातल्या बॅटरीवर भरवसा ठेवू नका, आपली घाला. बॅटरी उतरली की आवाज फाटका येतो आणि दोष पिकअपला जातो. ॲम्पला जोडून चारही तारा एकाच जोरानं छेडा. सॅडलखालचा पिकअप नीट दाबला गेला नसेल तर एखादी तार, बहुधा कडेची, दबकी येते. बटणं फिरवताना खरखर होते का ते बघा. केबल हलवून बघा. प्रीॲम्पमधला ट्यूनर आहे की नाही, दिवा कोणत्या रंगाचा, याला शून्य किंमत.

आणि हो, स्टुलावर बसून डावा हात सोडा. डोकं लगेच खाली गेलं तर तो हात पुढं जन्मभर नेक उचलण्यात जाईल. थोडं कलणं सगळ्यांचंच असतं, खरखरीत पट्ट्यानं ते भागतं.

भाव करताना

किमतीत हजार कमी करून घेण्यापेक्षा सेटअप आणि बॅग मागा. दुकानात दुरुस्ती करणारा माणूस असेल तर त्याच्यासमोरच ॲक्शन उतरवून घ्या, तिथंच वाजवून बघा. बिलावर मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर लिहून घ्या. नुसतं 'गिटार १ नग' लिहिलेल्या बिलाचा पुढं काही उपयोग होत नाही.

ऑनलाइन मागवलात तर

परतीचे दिवस किती ते आधी वाचा, आणि वरची वीस मिनिटांची तपासणी पहिल्याच दिवशी करा. खोका फोडताना व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरुवात करून. उन्हाळ्यात कुरियरची गाडी दिवसभर तापलेली असते, तेव्हा खोका घरात आणून चार-पाच तास तसाच राहू द्या, लाकूड खोलीच्या तापमानाला येऊ द्या. व्हिडिओ मग काढा. परतीची मुदत संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल फेकायचं नाही, आईनं कितीही म्हटलं तरी.

घरी आणल्यावर

तारा बदला. नवशिक्यासाठी दोनच पर्याय बघा. फॉस्फर ब्राँझ: खणखणीत, ॲम्पशिवाय त्यातल्या त्यात मोठा आवाज, पण बोटं सरकली की किरकिर. दुसरा नायलॉन टेपवूंड: तारेवर काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेली, बोटाला मऊ, आवाज गोल, डबल बेसच्या वळणाचा. महाग पडतात आणि जाड असल्यानं कधीकधी नटच्या खाचेत बसत नाहीत, खाच रुंद करून घ्यावी लागते. भाच्याला मी आधी ब्राँझ लावायला सांगितल्या, टेपवूंड पुढच्या वर्षी. सेट घेताना तुमच्या स्केलचाच घ्या. ३४ चा सेट ३० च्या बेसवर लावला तर तारेचा जाड भाग चावीवर गुंडाळला जातो आणि तिथंच तुटतो.

तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. चावीवर निदान दोन वेढे येतील एवढी तार ठेवा आणि कापण्याआधी तिला चावीपाशी काटकोनात मोडा, म्हणजे आतला पीळ सुटत नाही. मोबाइलचा माइक खालचा ई धड पकडत नाही, काटा भरकटतो. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक काढून लावा, एक सप्तक वरचा तोच सूर, काटा स्थिर होतो.

ॲम्पला जोडून वाजवून झालं की केबल काढा. बहुतेक बेसमध्ये केबल खुपसली की प्रीॲम्प चालू होतो, रात्रभर तशीच राहिली तर सकाळी बॅटरी संपलेली.

आणि आपला उन्हाळा

पुण्या-मुंबईचं कोणी हे सांगणार नाही, कारण त्यांच्याकडे आपल्यासारखा कूलर नसतो. मे महिन्यात नागपूरची दुपार ४५ अंशांची आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली. लाकूड सुकतं, आक्रसतं. मग आपण वाळ्याच्या टट्ट्या लावलेला कूलर चालू करतो आणि अर्ध्या तासात खोली ओली गच्च. रात्री कूलर बंद, सकाळी परत कोरडी. माणसाला हे बरं वाटतं, वाद्याला रोज ओलं करून वाळवल्यासारखं होतं. माझ्या ब्रिजवर चिकटवण्याचा दोष होताच, पण तो उखडला त्या दुपारी बेस कूलरच्या थेट झोतात स्टँडवर उभा होता, हेही खरं.

मार्च ते जून बेस बॅगेत, बॅग कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, कपाटात उभी. खुंटीवर टांगायची हौस पावसाळा सरल्यावर. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक बॅगेत टाका. ४५ ते ५५ टक्के ही लाकडाची सुखाची जागा. आकडा ३५ च्या खाली गेला तर साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि ती डबी बॅगेत, लाकडाला न टेकता. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बेस पाच मिनिटंही नको. आत जे तापमान होतं त्यात गोंद मऊ पडतो, आणि तारांचा ताण तर चालूच असतो.

ऋतू बदलला की नेक थोडी हलणारच. जूनमध्ये आणि परत नोव्हेंबरमध्ये व्हिजिटिंग कार्डाची तपासणी करा. ट्रस रॉड स्वतः फिरवायचा असेल तर एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, मग तार परत सुरात लावून एक दिवस थांबा. हात थरथरत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

भाच्याला शेवटी जुना मिळाला. कॉलेज संपवून बंगलोरला निघालेल्या एका मुलाचा, ३२ इंची, साडेनऊ हजारांत. खोक्याच्या कडेला टेबल लागून टवका उडालेला, ब्रिज मात्र घट्ट. मी कार्ड सरकवून बघत होतो तेव्हा तो पोरगा विचारून राहिला होता, "काका, हे काय चेक करताय?" फुटाळ्यावर तो बेस अजून गेलेला नाही. कूलर नसलेली खोली त्यांच्या घरी एकच, देवघराची. तिथं कपाटामागं उभा असतो, आणि ताई म्हणते की सकाळी पूजेच्या आधी त्याला उचलून बाहेर ठेवावं लागतं.